दाखल्याची किंमत कोणी मोजायची? मराठी मंडळ्यांच्या बिशप, पाळक आणि पंचांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील मराठी मंडळ्यांचे बिशप, धर्मगुरू, पाळक आणि पंच यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

विश्वासासाठी दुःख सोसणे या विषयावर आपल्याकडे उपदेश कमी होत नाहीत. पहिला हुतात्मा स्तेफन याच्यावर पडलेल्या दगडांपासून ते २००८ साली ओडिशातील कंधमाळमध्ये जाळल्या गेलेल्या घरांपर्यंत सारी उदाहरणे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वसईकरांना तर हा विषय घरचाच आहे, कारण ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले, त्यांत वसईत जन्मलेला फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया होता. या माणसांचे स्मरण झालेच पाहिजे. मात्र हुतात्म्याची कथा ऐकताना ऐकणाऱ्याच्या खिशाला तोशीस पडत नाही, आणि कदाचित म्हणूनच त्या कथा आपल्याला इतक्या आवडतात. मला आज ज्या दुःखाविषयी लिहायचे आहे ते रक्ताचे नाही, ख्रिस्ती झाल्यामुळे अनुसूचित जातीचा दाखला गमावणाऱ्या दलितांचे आहे. ते तहसील कचेरीच्या खिडकीवर, शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि जात पडताळणी समितीच्या कपाटात असते, आणि ते भोगणारा माणूस रविवारच्या उपासनेत बहुधा शेवटच्या बाकावर बसून आशीर्वादाआधीच उठून जातो.

कायदा आपल्याला माहीत आहे, तरी तो एकदा नीट मांडतो. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नव्हती. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माची भर पडली, १९९० मध्ये बौद्ध धर्माची. महाराष्ट्राच्या बाबतीत हे १९९० चे वर्ष महत्त्वाचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतलेल्या लाखो लोकांना राज्य सरकारने आपल्यापुरत्या सवलती आधीच दिल्या होत्या, पण केंद्राचे दार उघडायला चौतीस वर्षे लागली. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांसाठी ते अद्याप बंदच आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली, ती तशीच पडून राहिली. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून याचिका आहे. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला आणि पुढे त्याला मुदतवाढही मिळाली. काही राज्यांनी अशा ख्रिस्ती लोकांना इतर मागासवर्गात घेतले आहे, परंतु त्यामुळे राखीव मतदारसंघातून उभे राहता येत नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही मिळत नाही.

आता हे सगळे एका मुलाच्या पातळीवर आणून पाहू. मी मिशनच्या शाळेत शिक्षक होतो आणि जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसणे माझ्याकडे असे. नाव, जन्मतारीख, आईचे नाव लिहून झाले की पेन धर्म आणि जातीच्या रकान्याशी येई. बाप रविवारी देवळात माझ्याच ओळीत बसणारा असे, त्याच्या मुलाचे नाव शमुवेल किंवा योहान असे, आणि तरी त्या रकान्याशी तो घुटमळत असे. मागे रांग लागलेली असे. मग तो खाली पाहत म्हणे, "सर, हिंदू-मांग लिहा." काही जण स्पष्टपणे ख्रिश्चन लिहायला सांगत, आणि त्या एका शब्दापायी त्या मुलाची शिष्यवृत्ती, समाजकल्याणचे वसतिगृह आणि पुढची राखीव जागा गेली हे दोघांनाही ठाऊक असे. माझ्या मते त्या टेबलावर दोन्ही प्रकारचे बाप दुःखच भोगत होते. ख्रिश्चन लिहिणाऱ्याने आपल्या मुलाचे भवितव्य दिले होते, हिंदू लिहिणाऱ्याने स्वतःची मान. यांपैकी दुसऱ्याविषयी बोलायला आपण कधीच कमी केले नाही. पहिल्याला मंडळीने पुढे काय दिले, हे विचारण्यासाठी हे पत्र आहे.

दाखला मिळाला म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. जातीच्या वैधता प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे कागद मागितले जातात. आजोबा मिशनच्या बोर्डिंगात शिकले असतील आणि तिथे त्यांच्या नावापुढे ख्रिस्ती लिहिले असेल, तर जो कागद घरात अभिमानाने जपून ठेवला तोच नातवाच्या आड येतो. पडताळणी समितीचे दक्षता पथक चौकशीसाठी घरी येते. ते येणार असे कळले की भिंतीवरचे वचनांचे कॅलेंडर उतरते, बायबल आणि 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक पेटीत तळाशी जाते, आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला गप्प राहायला बजावले जाते. अमरावतीकडच्या एका प्रकरणात अशाच पथकाला घरात येशूचे चित्र दिसले. तेवढ्यावरून कुटुंब ख्रिस्ती झाले असे धरून समितीने एका अल्पवयीन मुलीचा महार जातीचा दावा फेटाळला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय रद्द केला. ते कुटुंब बौद्ध परंपरेचे होते, चित्र कोणीतरी भेट दिलेले होते, आणि घरात चित्र असणे म्हणजे धर्मांतर नव्हे, असे न्यायालयाने सुनावले. न्याय झाला, आनंद आहे. पण मी तो निकाल वाचला तेव्हा मनात आले की ते चित्र भेट नसते, तर?

त्याचे उत्तर वर्षभरानेच मिळाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर पुदुच्चेरीतील एका स्त्रीचे प्रकरण आले. बाप्तिस्मा झालेली, नियमाने चर्चला जाणारी ही स्त्री नोकरीसाठी हिंदू अनुसूचित जातीचा दाखला मागत होती. न्यायालयाने तो नाकारला, आणि श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचे सांगणे ही संविधानाची फसवणूक ठरते, असे म्हटले. अशा वादात बाप्तिस्म्याची नोंद हा निर्णायक पुरावा असतो. ती नोंद कोणाच्या कपाटात असते? आपल्या. म्हणूनच पाच-पाच, दहा-दहा वर्षे उपासनेला येणारी, दानाची पाकिटे न चुकता देणारी, सुवार्तेच्या सभेत जमखाना अंथरणारी कुटुंबे बाप्तिस्म्याचा विषय निघाला की पुढच्या वर्षी पाहू म्हणतात. बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळणाऱ्या प्रभुभोजनाच्या वेळी ती मागे बसून राहतात. पाळकांच्या अहवालात त्यांची नोंद 'जिज्ञासू' अशी होते आणि पंचांच्या बैठकीत 'कोमट' अशी.

व्यासपीठावरून त्यांना उद्देशून जे वचन बहुतेक वेळा येते ते दोन धन्यांच्या चाकरीचे. हे वचन खोटे नाही, आणि मीही त्या कागदाला खरा म्हणणार नाही. घरात ख्रिस्ती आणि कागदावर हिंदू हा असत्याचा व्यवहार आहे, आणि तो माणसाला आतून पोखरतो. मुलाला घरात एक आणि शाळेत एक उत्तर द्यायला शिकवणाऱ्या आईचे मन मी पाहिले आहे. तसेच याला मी छळ म्हणणार नाही. आपल्या देशात कोणी तलवार रोखून मूर्तीपुढे वाक असे सांगत नाही, संविधानाचे पंचविसावे कलम आपल्या बाजूने उभे आहे. हा प्रकार छळाचा नसून किमतीचा आहे. विश्वासाला किंमत असते हे तर प्रभूनेच सांगितले आहे. वाद आहे तो ही किंमत एकट्याने मोजायची की सगळ्यांनी मिळून, एवढाच.

मंडळीपुढे असा प्रश्न पहिल्यांदाच आलेला नाही. इ. स. २४९ च्या अखेरीस रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला की साम्राज्यातील प्रत्येकाने देवांना यज्ञबली द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेले असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. नमुना ठरलेला होता: मी देवांना नेहमीच बली देत आलो, आताही तुमच्या समक्ष दिला, प्रसाद चाखला, तरी तसे प्रमाणित करावे. एका बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या अर्जात ओळख पटावी म्हणून उजव्या भुवईवरच्या व्रणाचीही नोंद आहे. आपल्या कचेऱ्यांतले अर्ज भरलेल्या माणसाला ही भाषा मुळीच परकी वाटणार नाही. ख्रिस्ती लोकांत काहींनी नकार दिला आणि ते मेले, रोमचा बिशप फेबियन जानेवारी २५० मध्येच गेला. पुष्कळांनी बली दिला. आणि बऱ्याच जणांनी अधिकाऱ्याला पैसे देऊन, बली न देताच नुसता कागद मिळवला.

त्यांचे काय करायचे, हा प्रश्न उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्यापुढे आला. तो स्वतः त्या काळात लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याला बोलणीही खावी लागली होती. त्याने शिस्त सोडली नाही. कागद घेणे हे पाप नाहीच, असे तो म्हणाला नाही. परंतु कागदवाल्यांचे म्हणणे त्याने ऐकले आणि लिहूनही ठेवले, आणि ते आजही काळजाला भिडते: मी ख्रिस्ती आहे, बली देणे मला वर्ज्य आहे हे मी अधिकाऱ्याला सांगितले, आणि जे करायला नको ते करावे लागू नये म्हणूनच पैसे दिले. २५१ मध्ये कार्थेजला बिशपांची परिषद भरली. प्रत्यक्ष बली देणारे आणि केवळ कागद घेणारे यांना एका मापाने मोजायचे नाही, प्रत्येकाचे प्रकरण वेगळे पाहायचे आणि नुसता कागद घेतलेल्यांना चौकशीनंतर परत घ्यायचे, असे तिथे ठरले. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागली तेव्हा पश्चात्ताप करणाऱ्या उरलेल्यांनाही आत घेण्यात आले, कारण लढाईच्या तोंडावर माणसांना प्रभुभोजनाच्या बळाशिवाय ठेवणे त्यांना योग्य वाटले नाही. कोणालाच परत घेऊ नये असे म्हणणारा रोममधला कडक पक्ष मात्र फुटून वेगळा झाला. सिप्रियनाचा स्वतःचा शिरच्छेद १४ सप्टेंबर २५८ रोजी झाला, तेव्हा त्याची सौम्यता भित्रेपणातून आली होती असे कोणी म्हणू शकत नाही.

याच सिप्रियनाचे आणखी एक लहानसे पत्र आहे आणि माझ्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. एका नटाने ख्रिस्ती झाल्यावर रंगभूमी सोडली, पण पोटासाठी तो मुलांना तीच कला शिकवत राहिला. त्या काळी नाटकाचा व्यवसाय मंडळीला चालत नसे. याला मंडळीत ठेवावे का, असे दुसऱ्या गावच्या बिशपाने विचारले. सिप्रियनाचे उत्तर कडक आहे: हे शिकवणे थांबलेच पाहिजे. पण ते तिथे संपत नाही. त्याला उपजीविका नसेल तर मंडळी ज्या गरिबांना पोसते त्यांत त्याला घ्या, साध्या अन्नावर त्याने समाधान मानावे. आणि तुमच्या मंडळीला तेवढे झेपत नसेल तर त्याला आमच्याकडे पाठवा, त्याच्या अन्नवस्त्राचे आम्ही पाहू. मी हे पत्र पुन्हा पुन्हा वाचतो. हा बिशप एका माणसाचा रोजगार सोडवतो आणि त्याच श्वासात त्याच्या जेवणाची जबाबदारी घेतो. पहिले वाक्य म्हणायचा अधिकार त्याला दुसऱ्या वाक्यामुळे मिळतो. आपल्या व्यासपीठांवरून मला पहिले वाक्य अनेकदा ऐकू आले आहे.

आपल्याकडे हे कधी नव्हतेच असे नाही. एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेणाऱ्याचे घर, जात, गाव एका दिवसात सुटत असे. १८५० च्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क कागदोपत्री शाबूत राहिला, पण भाऊबंदांनी दार लावले की कायदा चूल पेटवायला येत नसे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्यांचा व लक्ष्मीबाईंचा संसार दोन ठिकाणी राहिला. मिशनची कंपाउंडे, बोर्डिंगे, कामशाळा या बऱ्याच अंशी घराबाहेर पडलेल्या माणसांसाठी उभ्या राहिल्या. केडगावला पंडिता रमाबाईंनी तर दुष्काळात कोणीही न सांगता शेकडो मुली-बायकांना घर दिले. मिशनच्या या कंपाउंडांवर परावलंबनाची टीका झाली, ती काही अंशी खरीही आहे. तरीही त्या मिशनरींना एक गोष्ट कळत होती: ज्याला आपण बाहेर बोलावले, त्याला रात्री झोपायला जागा लागते. आज त्याच कंपाउंडांच्या जमिनींवरून आपले दोन-दोन गट धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत समोरासमोर उभे असतात.

इथे एक कडू गोष्ट लिहिणे भाग आहे. जमिनीच्या व्यवहारात चौकशी लागली, ट्रस्टच्या हिशेबावर बोट ठेवले गेले, की काही पुढाऱ्यांना लगेच ख्रिस्ती असल्यामुळे आपला छळ होतो असे वाटू लागते, आणि मंडळीला उपासाच्या प्रार्थनेला बोलावले जाते. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात याची स्वच्छ वाटणी केलेली आहे: चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात लुडबुड करणारा म्हणून दुःख भोगण्याची पाळी कोणावर येऊ नये, ख्रिस्ती म्हणून आली तर लाज वाटू देऊ नये. वसतिगृह नाकारल्यामुळे शिक्षण सोडलेली मुलगी या वाटणीत कुठे बसते आणि हिशेब न देणारा खजिनदार कुठे बसतो, हे आपण पंचांच्या बैठकीत उघडपणे बोलू शकलो तर अर्धे काम होईल.

न्यायालयीन लढ्याबद्दलही दोन मते ऐकू येतात. सवलती मागणे म्हणजे वधस्तंभ नाकारणे, असे काही भाविक मंडळी प्रामाणिकपणे मानतात. त्यांनी प्रेषितांची कृत्ये पुन्हा वाचावीत. फटके मारायला बांधले जात असताना पौलाने आपल्या रोमन नागरिकत्वाची आठवण करून दिली, फिलिप्पै येथे गुपचूप निघून जायला नकार देऊन अधिकाऱ्यांनाच तुरुंगाच्या दाराशी बोलावले, आणि शेवटी कैसराकडे दाद मागितली. दुःख सोसणे आणि अन्याय खपवून घेणे यांत तो गल्लत करीत नव्हता. अडचण निराळीच आहे. आपण न्यायालयात म्हणतो की धर्म बदलला तरी जात सुटत नाही, आणि देवळात म्हणतो की ख्रिस्तात जात नाही. १९८५ मध्ये मद्रासच्या एका ख्रिस्ती चर्मकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमका याचा पुरावा मागितला होता: ख्रिस्ती समाजातही तशाच तीव्रतेची हीनता भोगावी लागते हे दाखवा. तो पुरावा पुढे आला नाही आणि दावा फेटाळला गेला. पुरावा शोधायला दूर जायची गरज नव्हती. विवाहाच्या जाहिराती, पंचांच्या निवडणुका, कोणत्या मंडळीत महार ख्रिस्ती जास्त आणि कोणत्या मंडळीत मांग ख्रिस्ती, हे आपल्यातल्या कोणाला ठाऊक नाही? कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या अखेरीस दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून निदान हे दुखणे मान्य केले. इतर मंडळ्यांनी तेवढे तरी करावे.

म्हणून माझ्या विनंत्या या अशा आहेत. कागदावर हिंदू असलेल्यांविरुद्ध व्यासपीठावरून सरसकट बोलणे थांबवावे. पाळकांनी अशा कुटुंबांच्या घरी जावे, त्यांचे म्हणणे एकेकाचे वेगळे ऐकावे आणि मगच काय ते सांगावे. बाप्तिस्मा देण्याआधीच्या वर्गात विश्वासवचनांबरोबर हा कायदाही समजावून सांगावा. माणसाला आपण काय सोडतो आहोत हे पाण्यात उतरण्याआधी कळले पाहिजे, नंतर दक्षता पथकाकडून नव्हे. अल्पसंख्याक संस्था म्हणून आपल्या महाविद्यालयांना, नर्सिंग शाळांना आपल्या समाजासाठी जागा राखून ठेवता येतात. त्या जागा भरताना दाखला नाकारलेल्या दलित ख्रिस्ती मुलांचा विचार सर्वांत आधी व्हावा, देणगी देणाऱ्यांच्या शिफारशींचा नंतर. आणि प्रत्येक धर्मप्रांताने, प्रत्येक सिनडने (मंडळ्यांच्या प्रातिनिधिक सभेने) अशा मुलांच्या फी आणि वसतिगृहासाठी स्वतंत्र निधी ठेवावा, ज्याचा हिशेब वार्षिक सभेत वाचला जाईल. किती मुलांना तो पुरला आणि किती मुलांना पुरला नाही, हेही वाचावे.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात विश्वासासाठी भोगलेल्या दुःखाचे दोन प्रकार एकाच वाक्यात येतात. काहींनी निंदा आणि संकटे स्वतः सोसली, काही जण तशा दशेत असलेल्यांचे सहभागी झाले. लेखक या दोघांना वेगळे गुण देत नाही. ज्यांचे नाव जन्मापासून ख्रिस्ती आहे, ज्यांना कुठला दाखला सोडावा लागला नाही, ज्यांची नोकरी मिशनच्याच संस्थेत झाली, अशा माझ्यासारख्यांना पहिला प्रकार बहुधा वाट्याला येणार नाही. दुसरा मात्र आजही उपलब्ध आहे, आणि त्यासाठी कोणत्याही समितीची परवानगी लागत नाही.

दरवर्षी १० ऑगस्टला अनेक ठिकाणी आपण काळा दिवस पाळतो, काळ्या फिती लावतो, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देतो. ते चालू राहावे. यंदा त्या आठवड्यातल्या रविवारचे संपूर्ण दान या निधीला द्यावे आणि निवेदनाची एक प्रत बिशपांच्या कार्यालयालाही द्यावी, असा ठराव मी आमच्या पंचांकडे लेखी पाठवला आहे. आपल्या सिनडच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो घ्यावा, ही विनंती.

आपला,
मंडळीचा एक सभासद व निवृत्त शिक्षक